चिंचेने घासलेली मॉरिस

लातूर, दसऱ्यानंतरचा चौथा दिवस

साडूभाऊ चंद्रप्पा यांना धाकटा साडू वीरण्णाचा शरणार्थी नमस्कार. कस्तुराअक्कांचे गुडघे आता जिना चढू देतात का, ते कळवावे. आम्ही सुखरूप आहोत. लातूर जिल्हा झाले, तेव्हा सुखरूप असणे भागच आहे. नळाला मात्र पाणी अजून तालुक्याइतकेच येते (तेही चार दिवसांआड).

आपण महिन्यापुरती पाहायला दिलेली छोटी मॉरिस मोटार मी माझ्या पाच गाड्यांशेजारी, देवघराखालच्या फळीवर ठेवली होती. पूजा झाली की ती तळहातावर घेऊन बसायचो. बोटाएवढी गाडी, पण आत मसुराएवढे स्टिअरिंग, मागे तिघांची सीट. राजाची मोटार कुणी घडवली तर समजते. पण एखाद्या मास्तराने बायकोपोरांना घेऊन जत्रेला जावे अशी साधी गाडी, समुद्रापलीकडच्या कुणा कारागिराने इतका जीव ओतून घडवावी, या विचाराने हात आपोआप जोडले जायचे. आपण बजावले होते की रंग कारखान्यातला आहे, तीस वर्षांत कुणी बोट लावलेले नाही, फुंकरही जपून घालावी. (आपल्या नांदेडच्या खिडक्यांनाही तोच राखाडी रंग. हौसेपायी माणूस घरसुद्धा गाडीला शोभेलसे रंगवतो, याचे मला फार कौतुक वाटे.)

दसऱ्याला नव्या कलेक्टर कचेरीपुढे जीपगाड्यांना झेंडूचे हार चढलेले आपल्या मेहुणीने, तारामतीने पाहिले. घरी देव घासायला चिंच भिजत होतीच. पाणी तांब्याभर, म्हणून तिने देवांबरोबर सहाही गाड्या परातीत घेतल्या आणि काथ्याने घासल्या. मी आपट्याची पाने घेऊन आलो, तर माझ्या पाच गाड्या लखलखीत, आणि आपली मॉरिस राखाडी पाण्यात बसलेली.

"साऱ्या जिल्ह्याच्या गाड्या पुजायलेत," ती शांतपणे म्हणाली. "आपल्यांनीच काय पाप केलं?"

मी परातीपाशी गेलो. कारण राखाडीखालून हिरवा रंग निघाला होता, कोवळ्या हरभऱ्यासारखा. यंदा पाऊस रुसला, जूनपासून इतके हिरवे मी कुठे पाहिले नव्हते. किती वेळ पाहत उभा होतो कोण जाणे, पाने हातातच सुकली.

पण अपराध तो अपराध. चार दिवस घास गोड लागत नाही. आपण माझ्याशी बोलणे सोडाल, याचीच धास्ती आहे. द्याल ती शिक्षा मान्य.

आपला,
वीरण्णा

ता. क. पत्र पेटीत टाकायला निघालो तोच अक्कांचे कार्ड आले. तारामतीने त्यांना आधीच कळवले होते म्हणे. अक्का लिहितात, खिडक्या रंगवून डब्यात रंग उरला, तो आपणच त्या गाडीला लावलात. तरी क्षमेचा मजकूर वाचू नये.

ता. क. दुसरे. मॉरिस पाऊस पडेपर्यंत तरी आमच्याच फळीवर राहू द्यावी, एवढी विनंती. तारामती म्हणते, तुमच्या बाकीच्या गाड्याही घेऊन या. चिंच उरली आहे.