लाल होडी

३ एप्रिल

आज कसबा पेठेत राहायला आले. टेम्पोवाल्याला गल्लीत वळता येईना, म्हणून सामान तोंडाशीच उतरवलं आणि हातगाडीवरून आणलं. मजा आली. इमारत नवी आहे, तीन मजल्यांची. माझ्या तळमजल्यावर दोन खोल्या. मागच्या खोलीत खिडकी नाही, पण ती मी मुद्दामच पसंत केली. तिथे करवत चालवली तर आवाज बाहेर कमी जाईल.

खडकीच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये माझा सगळा संसार झाला. हे जानेवारीत गेले, निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. क्वार्टर सोडायचंच होतं. लेक भाग्यश्री म्हणत होती, खराडीला आमच्याकडे चल. जावई भला माणूस आहे. पण त्यांच्या गुळगुळीत फरशीवर प्लायवूड कापायला कोण देणार?

नवीन जागेत बोलायला कोणी नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

६ एप्रिल

भांडी लागली, देव मांडले, पुस्तकं खिडकीत रचली. मी सातवीपर्यंत शिकले, पुढचं कॉलनीच्या वाचनालयाने शिकवलं. वायर जोडण्याचं पुस्तक कादंबरीसारखं वाचणारी बाई म्हणून हे माझी चेष्टा करायचे.

यांचं खोकं उघडलं. दोन दांड्या, लाल आणि निळ्या गोळ्यांच्या. बटणं. वायरींची भेंडोळी. पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर. आमचा जुना फुगीर काचेचा टीव्ही वेगळा. तरुणपणी खडकी स्टेशनजवळच्या गेमच्या दुकानात हे रुपया टाकून खेळायचे. तसं उभं मशीन घरी बनवायचं, ही यांची हौस. फळ्यांची मापं काढून झाली होती, तेवढ्यात हे गेले.

आता ते मी बनवणार. शब्द दिलाय. दहाव्याला नदीवरच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. ऊन चढलं. भाग्यश्री म्हणाली, आईला सांभाळीन. नाही शिवला. माझे दीर हिंमतभाऊजी अकोल्याहून आले होते, ते म्हणाले, शेताची वाटणी नीट करीन. नाही. मग मी म्हटलं, तुमचं मशीन मी पुरं करीन. एक कावळा कठड्यावर येऊन बसला. मला रडू आवरेना, मी पदर तोंडाला लावला. डोळे पुसले तोवर पिंडाला चोच लागली होती.

१२ एप्रिल

फळ्या कापून झाल्या. मागच्या आळीतल्या शंभू सुताराने मोठे काप मारून दिले. हे कपाट कसलं, दारं कुठे, असं त्याने चारदा विचारलं. गेमचं मशीन म्हटल्यावर माझ्याकडे नुसता बघत राहिला आणि म्हणाला, काकू, तुम्ही मोबाईलवर का खेळत नाही.

वरच्या मजल्यावर मंदाकिनीबाई राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या खाली येऊन म्हणाल्या, अहो, या वयात बायका पापड लाटतात. पापडाला निदान आवाज नसतो. मग चहा पिऊन गेल्या आणि जाताना सांगितलं की दुपारी एक ते चार करवत बंद. मला आवडल्या.

१९ एप्रिल

पॅनलला भोकं पाडली, दांड्या बसवल्या. डावीकडची लाल, उजवीकडची निळी. प्रत्येक दांडीशेजारी एकच बटण. टीव्ही आत सरकवताना कंबर धरली.

राधा आली होती, माझी नात, सात वर्षांची. तिने कडांना पॉलिश पेपर घासला आणि पांढरी पावडर नाकाला लावून घेतली. आजोबा मला शेजारी बसवून खेळणार होते, म्हणाली. हो, सगळ्यांना हे तेच सांगायचे. मी म्हटलं, आता आपण दोघी खेळू.

२३ एप्रिल

आज निळ्या बाजूच्या वायरी जोडल्या. लाल बाजूच्या नुसत्या खाली लोंबतायत. जेवण आटोपून मशीन लावून पाहिलं. टीव्ही उजळला आणि मी एकटीच टाळ्या पिटल्या.

खेळ यांनीच भरून ठेवलेला, दोन होड्यांचा. नदी, मध्ये खडक, वरच्या टोकाला पूल. एकट्याने हा खेळ पुरा होत नाही. एक होडी मागे राहिली तर दुसरी पुलाशी घुटमळते. तरुणपणी यांना कधी तो पूल ओलांडता आला नव्हता. पलीकडे काय आहे ते पाहायचंय, म्हणायचे.

निळी होडी मला नीट वळवता येईना. खडकावर आपटत होते. तेवढ्यात लाल होडी काठावरून निघाली आणि माझ्यापुढे येऊन थांबली.

वायर कुठेतरी चिकटली असणार. उद्या बघते.

२४ एप्रिल

यांच्या मीटरने एकेक वायर तपासली. लाल बाजूचा कुठेही काहीही संबंध नाही. मशीन लावलं. लाल होडी निघाली. खडक आला की आधी थोडी मागे यायची, मग वळायची. हे स्कूटर तशीच वळवायचे.

मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर पदराने डोळे पुसले आणि खेळत बसले. तिन्हीसांजेपर्यंत. खूप दिवसांनी कोणीतरी शेजारी होतं.

लाल गोळीला हात लावून पाहिला. कोमट होती. उन्हाळा आहे, म्हणा.

२७ एप्रिल

हिंमतभाऊजी कोर्टाच्या कामाला पुण्यात आले, ते जेवायला इकडे. झुणका-भाकरी केली. मशीन पाहून खूश झाले. मी म्हटलं, भाऊजी, याच शब्दावर कावळा शिवला. तर हसले. म्हणाले, वहिनी, श्रेय घेऊ नका फुकट. तुमच्या बोलण्याने तो कठड्यावर आला फक्त. शिवला माझ्या बोलण्यावर.

काय बोललात, विचारलं. भाकरीचा घास मोडत म्हणाले, दादाचं एकच चाललेलं असायचं ना, म्हणून म्हटलं, दादा, राधाला तुझ्याशेजारी बसवू. वाक्य संपलं नाही तोच खाली झेपावला. माझ्या डोक्यावर ऊन होतं वहिनी, पोटात कावळे होते, सुचलं ते बोललो.

आणखी झुणका मागितला. मी वाढला.

२८ एप्रिल

मंदाकिनीबाई आल्या. म्हणाल्या, तुम्ही एकट्या राहता असं सांगितलंत, मग काल-परवा दुपारी दोघं कोण टकटक करत होते? एकाची लय चांगली होती, दुसरा अगदीच नवशिक्या.

काल दुपारी मी भाऊजींना स्टेशनवर सोडायला गेले होते. मशीन बंद होतं.

३० एप्रिल

भाग्यश्रीने फोनवर व्हिडिओ पाठवला, खाली हसरे चेहरे. राधा दुपारी झोपलीये. झोपेत तिचा उजवा हात वळतोय. मूठ आवळलेली. थोडी मागे, मग वळण. भाग्यश्री म्हणते, बघ, तुझ्या मशीनचं वेड.

मी मशीन लावून पाहिलं. लाल होडी पुलाशी उभी होती. घुटमळत.

१ मे

दोन्ही दांड्या उपटून काढल्या. प्लग काढला. शंभूला म्हटलं, फळ्या घेऊन जा, फुकट. तो उद्या येतो म्हणाला.

दुपारी फोन. राधा झोपेतून रडत उठली. आजोबा विचारतायत, आजीने खेळ का मोडला.

मी तिला सांगितलं नव्हतं. शंभूखेरीज कोणालाच सांगितलं नव्हतं.

२ मे

घाटावर गेले. दहाव्याचे गुरुजी ओळखीचे वाटले, तेच निघाले. विचारलं, तिथे दिलेला शब्द परत घेता येतो का. म्हणाले, बाई, शब्द काय भाजीची पिशवी आहे? मग माझं तोंड बघून मऊ झाले. म्हणाले, शब्द घराने दिलेला असतो. घरातल्या कोणीही पुरा करावा. गेलेल्याला माणूस कुठे दिसतो, त्याला इच्छा तेवढी आठवते.

येताना पुलावर थांबून खूप वेळ पाणी बघितलं. हे राधाला कधी मोठ्याने ओरडून बोलल्याचं मला आठवत नाही. तिला ताप आला की रात्रभर खांद्यावर घेऊन फिरायचे. हे तिचं वाईट करणार नाहीत. पण त्या खोलीत जे आहे ती यांची हौस आहे. हौस उरली, हे उरले नाहीत.

शंभूला सांगितलं, फळ्या नकोत नेऊस. दांड्या परत बसवल्या. या वेळी दोन्ही बाजू जोडल्या.

मी बसेन.

३ मे

बसले. निळी होडी पुलापर्यंत नेली. लाल होडी माझ्याकडे वळून बघते असं वाटलं, आणि निघून गेली. काठाला जाऊन थांबली. मी हाक मारली, अहो, मी आहे.

ओळखलं नाही.

४ मे

आजही नाही. राधाला ताप आहे.

खडक आता चुकवता येतात मला. हात शिकतोय. हे पाहतायत, एवढं कळतं. शेजारची फळी करकरते, कोणी बूड टेकल्यासारखी.

५ मे

भाग्यश्रीने सकाळी फोन केला. तिला ऑफिसात गेलंच पाहिजे, जावई बाहेरगावी. राधाला इथे ठेवते म्हणाली. मी नको म्हटलं, ती चिडली. प्लायवूडला वेळ आहे तुला, नातीला नाही, म्हणाली. काय सांगणार तिला? तुझे बाबा—

राधा आली. अंग गरम. पुढच्या खोलीत निजवलं. मधल्या दाराला कडी घातली. वर मंदाकिनीबाईंना सांगून आले, जरा येऊन बसा तिच्यापाशी. म्हणाल्या, आमटी उतरवते आणि येते.

भिंतीपलीकडे बटण वाजतंय. एकच. लाल.

५ मे, दुपार

मशीनसमोर आहे. उजवा हात दांडीवर, डाव्याने लिहिते आहे. अक्षर असं येतंय.

हात सोडला होता एकदा, राधाला बघायला. ती झोपेत बसलेली, डोळे मिटलेले, पाय पलंगाखाली सोडलेले. उठायच्या बेतात. धावत आले, दांडी धरली, तेव्हा तिकडे पलंग वाजला. आडवी झाली असावी.

म्हणून सोडायचं नाही.

लाल होडी काठाला आहे. काठावर काहीतरी बांधलेलं. होडीच आहे. तिसरी. छोटी. या खेळात तिसरी होडी नाही. कुठेच नाही.

दोर सुटला—

छोटी होडी लालच्या मागे. मी निळी मध्ये आडवी घातली. दोन्ही थांबल्या. लाल मागे सरते. पुन्हा वळते. मी पुन्हा आडवी.

अहो म्हटलं. इंदू आहे, म्हटलं. नाही. अहो कोणीही कोणालाही म्हणतं.

मंदाकिनीबाई आल्या वाटतं पुढच्या खोलीत. विचारतायत, ही झोपेत हात का हलवते. थंड पाण्याची पट्टी ठेवते म्हणाल्या. ठेवा. मी येऊ शकत नाही.

छोटी होडी निळीला वळसा घालून—

यांचं नाव घेतलं. मोठ्याने. लग्नात उखाण्यातसुद्धा लाजून मी ते गिळलं होतं, हळदीकुंकवाला कधी घेतलं नाही, सहीपुरतं फक्त कागदावर. आज तोंडाने घेतलं. दोनदा. तिसऱ्यांदा ओरडून.

लाल होडी थांबली.

वळली. माझ्याकडे.

छोटी होडी आपोआप मागे चालली. काठाला लागली. दिसेनाशी झाली. पलीकडून मंदाकिनीबाई म्हणतात, घाम आला हो पोरीला, ताप उतरतोय. हात पण सैल सोडला.

बरं झालं. बरं झालं.

लाल शेजारी आली. अगदी लागून. दांडी आता मी फिरवत नाही, हातावर हात आहे. कोमट. यांचाच. अंगठ्याजवळ फॅक्टरीत कानस लागल्याचा व्रण लागतो. ओळखलं यांनी. खूप वेळ लावला.

बोटं उघडत नाहीत.

पूल जवळ येतोय. खडक संपले. काच फार उजळ झालीये, कागद नीट दिसत नाही.

भाग्यश्री, राधा उठली की तिला मऊ भात दे, मेतकूट डब्यात आहे. रागावू नकोस. या खोलीचं दार उघडायच्या आधी मीटरवरचा मोठा खटका खाली कर, आणि तिला आत येऊ दे—नको. आत येऊ देऊ नकोस. ती हाक मारेल, आजी कुठे, तर म्हण की

पूल आला. खालून अंधार नाही, उलट