बस्टरची गोधडी
ट्रॉय, शनिवार, नोव्हेंबर २००४

शेजारच्या डोरोथीला न विचारता तिच्या नवऱ्याचे शर्ट कापले, हे बरोबर केलं का मी? संध्याकाळपासून तेच डोक्यात.

तिचा नवरा जिम वारला, त्याला महिना झाला. तिने त्याचे कपडे डोनेट करायला माझ्याकडे दिले होते. त्यांचा म्हातारा कुत्रा बस्टर तेव्हापासून दारापाशीच बसून असतो, धड खात नाही. मी दिवसभर घरी, इथे परदेशात माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणून तीन शर्ट काढून घेतले, आत जुना टॉवेल घातला आणि आई घालते तसे धावदोरे घालून बस्टरसाठी छोटी गोधडी शिवली. एका शर्टाचा खिसा मात्र तसाच ठेवला. तो उसवायचं जिवावर आलं.

आज नेऊन दिली. डोरोथीने शर्टाचं कापड ओळखलं आणि त्या खिशावरून हात फिरवला. मी घाबरून सॉरी म्हणाले. शर्ट कापण्याआधी तिला विचारायचं सुचायला हवं होतं.

तेवढ्यात बस्टर दारापासून उठून आला. बराच वेळ हुंगत राहिला, मग खिशावर नाक टेकवून आडवा झाला.

डोरोथीचे गुडघे दुखतात, तरी ती त्याच्याजवळ खाली बसली.

"बाकीचे कपडे देऊन टाकलेस?"

"नाही, गाडीतच आहेत."

"मग परत आण," ती म्हणाली. "मलाही एक शिवून दे. माझ्या मापाची."