ताडपत्रीचं तळं

ती. दाजींस सादर नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला, दोन्ही आता ताळ्यावर आले असतील असं धरून चालतो. आमचं विचाराल, तर आम्ही सहकुटुंब कागदोपत्री पाण्याखाली आहोत.

थट्टा करत नाही. नियोजन कार्यालयानं शहराचा पुढच्या पन्नास वर्षांचा शाश्वत विकास आराखडा भिंतीवर लावलाय. तो मी भिंग लावून पाहिला (बाकीचे चहा पिऊन घरी गेले). माझं वर्कशॉप एकवीस वर्षं जिथे उभं आहे, तिथे निळा ठिपका आणि खाली बारीक अक्षरांत 'नैसर्गिक तळं, संरक्षित'. दाजी, ते तळं म्हणजे गळक्या पत्र्यावर मी टाकलेली, तुम्हीच दिलेली ताडपत्री. विमानातून फोटो काढला, निळं दिसलं, झालं पाणी. खाली येऊन बोट बुडवून बघायची कुणालाही गरज वाटली नाही. माझ्या लेथवर केसाएवढी चूक झाली तर मी अख्खा नग भंगारात टाकतो (आणि मी कॉलेजची पायरीही चढलेलो नाही). ज्यांना आजचं छप्पर दिसत नाही, ते म्हणे पन्नास वर्षांनंतरचं बघणार!

तावातावानं गेलो. साहेबांनी बस म्हणण्याचीही तसदी न घेता समजावलं, की तळ्यात वर्कशॉप असूच शकत नाही, तेव्हा महिनाअखेरीला परवाना संपला की नवा मिळणार नाही.

मी म्हटलं, "साहेब, मी आत्ता तिथूनच आलोय. कोरडा आहे."

"उन्हाळ्यात आटत असेल," साहेब म्हणाले.

आणि शेजारचा ओतकामाचा कारखाना, ज्याची काजळी आमच्या ताटात, अंथरुणात आणि तुमच्या भाच्याच्या छातीत बसते, त्यावर शिक्का काय? 'उद्योग, कायम'. मी तीन तास हललो नाही. शेवटी साहेबांनीच कंटाळून फेरतपासणी लिहून दिली.

तुमचा (अजून तरी न बुडालेला) मेहुणा.

ता. क. पंधरा तारखेला पुन्हा विमान येणार. निळं दिसलं नाही तर तळं रद्द. ताडपत्री आजच उतरवून घडी घातली.

आणखी ता. क. चौदाच्या आत नवी ताडपत्री पाठवा. रंग तोच निळा, माप ऐंशी बाय पंचेचाळीस फूट. आमचं छप्पर त्याच्या पावपटही नाही हे ताई ओळखेल, तिला गप्प बसायला सांगा. पंधराला कारखान्याला सुट्टी असते आणि तिथला वॉचमनही खोकतो. चिमणीपुरतं भोक मी इथेच कापीन, घेर मोजून ठेवलाय.