समाधानबद्दल शेजाऱ्याचा जबाब

४ नोव्हेंबर

लासुर्ण्याच्या चौकात नवा फ्लेक्स. शेजारच्या भानुदासचा समाधान – काळा चष्मा, हाताची घडी. खाली मजकूर: 'प्रवासी विमानात साध्या वेशातील सशस्त्र रक्षक या गुप्त पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुक बावीस. 'गुप्त' सोनेरी अक्षरात.

भानुदास सकाळपासून फ्लेक्सखाली उभा. "तात्या, पोरगं इमानात बंदूक घिऊन बसणार. शेजारच्या शिटावरच्याला बी पत्ता लागणार न्हाय." हे त्यानं दुपारपर्यंत निम्म्या गावाला सांगितलं.

माझ्या शनिवारच्या विनोदी सदराची सोय झाली.

५ नोव्हेंबर

समाधान निमलष्करी दलातून सुट्टीवर आला. एसटीतून उतरला तो आधी फ्लेक्स काढला.

८ नोव्हेंबर

सदर छापून आलं – 'विमानात कोणाला बसवावं?' बारामतीहून दोन फोन. टपरीवर प्रत्येकाला मत आहे. सर्जेराव म्हणतो, पैलवान बसवा, गोळीचा खर्च वाचंल. म्हाळसाकाकू म्हणाल्या, "बाई बसवा. यष्टीत कुणाचा हात कुठं चाललाय ते बाईला न बघता कळतं."

मी लिहिलं होतं, बंदुकीला जो सगळ्यात जास्त भितो त्याच्याच हातात ती द्यावी. लोक हसले. समाधान भिंतीला पाठ लावून बसला होता. तो हसला नाही.

१२ नोव्हेंबर

दुपारी समाधान आला. चहा नको म्हणाला.

"तात्या, नेमणुकीआधी चौकशीला हवालदार येईल. नात्याबाहेरचा शेजारी म्हणून तुमचं नाव दिलंय. मला नापास करा."

थट्टा वाटली. नव्हती.

तीन वर्षांपूर्वी, कुठल्याशा नाक्यावर, भर उन्हात त्यानं एका माणसाला थांब म्हटलं. माणसानं सदऱ्यात हात घातला. समाधाननं गोळी झाडली. सदऱ्यात ओळखपत्र निघालं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. चौकशीत समाधान निर्दोष. वर शेरा – निर्णय जलद, हात स्थिर. त्या शेऱ्यावरच ही निवड.

"सरावाला दोनदा इमानात बसलो. दीडशे माणसं, तात्या. सारखी खिशात हात घालत्यात. चष्मा, गोळ्या, मोबाईल. परत्येक शिटावर त्योच बसलेला असतो. रातीला झोप न्हाय."

"मग साहेबांना सांग की."

"मी सांगितलं तर शिक्का बसतो. बापाला काय तोंड दावू? प्रियदर्शनीला बी ठाव न्हाय, बायको असून." मग म्हणाला, "तुमी आख्ख्या तालुक्याला नावं ठेवली. एक मला ठेवा."

१३ नोव्हेंबर

वाक्य तयार केलं. 'मुलगा चांगला आहे, त्याला विमानात बसवू नका.' वीस वर्षं लिहितोय, इतकं सरळ वाक्य कधी जमलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर

हवालदार आला. वाक्य म्हटलं. तो पोट धरून हसला. "तात्या, दर शनिवारी पैलं तुमचंच वाचतो मी."

पुन्हा म्हटलं – तो झोपत नाही. त्याच्या हातून एक माणूस गेलाय.

"शिपाई हाय त्यो. भजनाला गेलता व्हय?"

तेवढ्यात भानुदास पेढे घेऊन आत आला. कोरा शर्ट, घडीचे मोड तसेच. "काय म्हनतोय आमचा तात्या?"

"पोराला इमानात बसवू नका म्हनत्यात."

भानुदासही हसला. मग दोघं माझ्या तोंडाकडं बघत राहिले, पुढचा विनोद कधी येतो म्हणून.

आणि मी हसलो.

पेढा खाल्ला. हवालदारानं लिहिलं – वर्तणूक उत्तम, शेजाऱ्यांचे मत अनुकूल. सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. केली.

१९ नोव्हेंबर

इंदापूरला गेलो होतो. एसटीत समोरच्या म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशात हात घातला. मी खाली वाकलो. त्यानं पास काढला.

त्या माणसाचा सदरा मला दिसतो. पांढरा, बाह्या दुमडलेल्या, एक बटण तुटलेलं. समाधाननं तर रंगसुद्धा सांगितला नव्हता.

२२ नोव्हेंबर

सदर पाठवलं नाही. संपादकांचा फोन. तब्येत बरी नाही म्हटलं.

२४ नोव्हेंबर

दलाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. सगळं खरं. वाचून पाहिलं – माझ्या सदरासारखं वाटतं. फाडलं. सही केल्याचं समाधानला सांगायला निघालो. अंगणात भानुदास पोराचे बूट पुसत बसला होता. परत आलो.

२९ नोव्हेंबर

समाधान निघाला. पाया पडला. मग कानाशी येऊन म्हणाला, "हवालदारानं सांगितलं, तात्या तुझ्याविरुद्ध लई बोलले. तुमी समदं सांगूनबी वरनं पास झालो. म्हंजी माझ्यात काय वाईट न्हाय. चार दिस झालं, झोप लागती."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सोमवारी पहिलं विमान.