पट्ट्यावरचं गार्ड

बुधवार, संध्याकाळ. पेडगाव.

दादाचं तेरावं होऊन तीन दिवस झाले. त्याची मुलगी पूजा आज शाळेत गेली आणि इंग्रजीचा अभ्यास घेऊन आली. 'गार्ड' शब्दाचे अर्थ लिहायचे, तो कुठून आला तेही. शब्दकोश घेऊन माझ्याजवळच बसली. अभ्यास घ्यायला आता दुसरं आहे कोण?

राखणदार. पहारा. रेल्वेचा गार्ड. शब्द जुन्या फ्रेंचमधला, त्याच्याही मागे नुसतं पाहणं, नजर ठेवणं. पाहत तर मी होतोच. दादाच्या गळ्यातला रुमाल मळणी यंत्राच्या पट्ट्यात ओढला गेला, तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

हरभऱ्याच्या मळणीत पट्टा सारखा घसरत होता. तो परत बसवायला दर वेळी चार नट कोण खोलणार, म्हणून पट्ट्यावरचं गार्ड मीच काढून ठेवलं. सगळेच काढतात. पण आमचं मी काढलं. घरात सगळ्यांना वाटतं, दादानंच काढलं असेल. मी वाटू दिलं.

शेवटचा अर्थ, यंत्रावरचं संरक्षक झाकण. त्या ओळीवर मी अंगठा ठेवला.

"काका, हात काढा की, दिसंना मला."

काढला. तिनं वाचलं, वहीत उतरवलं.

"आपल्या मशीनला नव्हतं का हे?"

"होतं."

"मग त्या दिवशी कुठं गेलतं?"

सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं.

"जेवून घे आधी," म्हणालो.

"तुमी पण चला. आई थांबलीय तुमच्यासाठी."

गेलो. वहिनीनं वाढलं ते जेवलो.