सिरोंचा बस विनाकारण खोळंबली

१२ जानेवारी २००३, रविवार

पन्नाशी उलटल्यावर नवी विद्या शिकू नये, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. काल रात्री शोधले. आजपासून इंटरनेट.

चामोर्शीत ही सोय पोचूने केली. बसस्टँडसमोर त्याचा एसटीडी बूथ, मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर. फोनची तार एकच. नेट चालू असलं की फोन बंद. शेजारणी म्हणतात पोचूचं डोकं फिरलं. गॅलिलिओबद्दलही म्हणत.

संपादकांना कळवून टाकलं की दर रविवारी ‘उपयुक्त संकेतस्थळे’ हे सदर लिहितो. शिक्षण, खरेदी, मनोरंजन, अर्थार्जन. ते म्हणाले, चामोर्शीत बसून? म्हटलं, एकोणीस वर्षं तालुका वार्ताहर आहे, माझ्या एकाही बातमीचा खुलासा छापावा लागला नाही. ते म्हणाले, कोणी वाचलं तर खुलासा मागेल ना. विनोदी माणूस.

जयाचा याच्याशी काही संबंध नाही.

१२ जानेवारी, संध्याकाळ

थोडा आहे.

जया पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत. दिवाळीला आली तेव्हा तिने सांगितलं (विचारलं नाही, सांगितलं) की गोपालशी लग्न करणार. मुलगा तिच्याच ऑफिसातला, पण मूळचा सिरोंच्याचा. घरी तेलुगू. वडील गोदावरीत जाळं टाकतात. माझी काहीच हरकत नाही. तसं नेमक्या शब्दांत सांगायचं राहून गेलं इतकंच. मी ‘बघू’ म्हणालो. ती दुसऱ्या सकाळच्या गाडीने गेली. जाताना तिकिटाच्या पाठीवर ईमेलचा पत्ता लिहून दिला. म्हणाली, बाबा, लांबलचक नको. हो की नाही, तेवढं कळवा. तारीख मी ईमेलनेच कळवीन.

तिची आई असती तर तिने एका वाक्यात मिटवलं असतं. अर्थात तिला शैली नव्हती.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

पोचूने मला ईमेलची पेटी काढून दिली, दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर. फुकट आहे. खाली बारीक इंग्रजीत बऱ्याच अटी होत्या. बारीक अक्षर सज्जनाने वाचू नये.

जयाला पत्र लिहिलं. इंग्रजी लिपीत मराठी. माझ्या गुरुजींच्या आत्म्याची क्षमा मागून. अकरा ओळी, दोन तास. आशीर्वाद, हवापाणी, धानाचे भाव, तीन उपयुक्त संकेतस्थळे. ‘हो’ हा शब्द मुद्दाम घातला नाही. उत्तम काव्यात अर्थ सांगत नाहीत, सुचवतात. ‘गोदावरीचे पाणी फार गोड असते असे ऐकतो’ या ओळीत सगळं आलं आहे. मुलगी हुशार आहे.

पोचू खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, “भाऊ, पन यात हो कुठी आहे?”

त्याचा अलंकारशास्त्राशी परिचय नाही.

१६ जानेवारी

पेटी पाहिली. कंपनीचं ‘स्वागत’ असं एक पत्र. जयाचं नाही. दोनच दिवस झालेत.

२० जानेवारी, सोमवार

दोन नंबरचा कॉम्प्युटर बंद पडला. पोचूने तो गोणपाटात बांधून दुरुस्तीला चंद्रपूरला पाठवला. बसच्या टपावर. माझी पेटी आत असताना!

पोचू म्हणतो, “काऊन घाबरून राह्यले जी? तुमची पेटी कोनत्याबी डब्यावर खुलते. बसा एक नंबरवर, आत्ता खोलून देतो.”

त्याला समजावलं. चंद्रपूरच्या आमच्या कार्यालयात प्रत्येक वार्ताहराचा लाकडी खण आहे. चामोर्शीचं टपाल चामोर्शीच्या खणात. एटापल्लीच्या खणात हात घातला तर चामोर्शीचं पत्र मिळेल का? पोचूने एक नंबर बंद केला. मग “बरं जी” म्हणाला. पटलं असावं.

२७ जानेवारी

शिक्षण. तेलुगू शिकायचं ठरवलं. व्याह्यांशी त्यांच्याच भाषेत बोलायचं, लग्नात जयाला चकित करायचं. उत्तम संकेतस्थळ सापडलं. छप्पन्न धडे. पहिला धडा उघडला. एकाखाली एक चौकोन. दुसरा धडा, तेच चौकोन. लिपी वाटली होती त्यापेक्षा सोपी आहे. वहीत दोन पानं गिरवली.

पोचूने सांगितलं की या डब्यात तेलुगू अक्षरं नाहीत, म्हणून चौकोन येतात. सदरात लिहिलं: ‘भाषाशिक्षणासाठी अत्यंत उपयुक्त.’

३ फेब्रुवारी

खरेदी. जयासाठी साडी. पडद्यावर तिसरी साडी पसंत केली, जांभळी, बारीक काठ. तिच्या आईची अशी एक होती. नाव, पत्ता भरला. मग कार्डाचा नंबर मागितला. माझ्याकडे एकच कार्ड, वार्ताहराचं ओळखपत्र. त्याचा नंबर चार आकडी. टाकला. घेतला नाही. पुढे दोन शून्यं लावून पाहिली. मागे लावून पाहिली. नंतर लाल अक्षरात काहीतरी आलं आणि तार तुटली.

परत येताना बायनाबाई भेटल्या. शेजारी राहतात, तलावातली मासोळी स्टँडवर विकतात. चार मुलींची लग्नं लावलेली बाई. म्हणाल्या, “पोरीले हो म्हनाले एवढा टाइम लागते का जी? मी तं चारही डाव मान हालवली, न झाला.”

प्रत्येकाची मान वेगळी.

१० फेब्रुवारी

अर्थार्जन. लग्नाला हातभार म्हणून. जाहिरातींवर टिचकी मारायची की डॉलर जमतात. सहा दिवस मारल्या. कंपनी शंभर डॉलर झाल्यावर चेक पाठवते. माझ्या वेगाने तो चेक जयाच्या नातवाच्या बारशाला मिळेल. सदरात लिहिलं: ‘चिकाटी हवी.’

पोचू पुन्हा म्हणाला, “खोलू का जी पेटी? एक मिनिटाचा काम आहे.”

नाही म्हटलं. दोन नंबर येऊ दे. उद्या समजा एक नंबरवर उघडली आणि रिकामी निघाली तर? तांत्रिकदृष्ट्या तसं होणार नाही, कारण ती तिथे नाहीच. विषय संपला.

भात पुन्हा दोघांचा लावला. सकाळी फोडणीचा.

१५ फेब्रुवारी

मनोरंजन. हा विभाग खरा उपयुक्त. बुद्धिबळ. जगात कोणाशीही. माझा जोडीदार फिनलंडचा आहे. रोज साडेदहा ते बारा, एक नंबरवर. विचार करायला मला वेळ लागतो. तेव्हा तो लिहितो: u there? मी लगेच लिहितो: yes. दिवसातून आठ-दहा वेळा. कोणी इतक्या अगत्याने विचारत असेल तर बरं वाटतं.

पोचूची कुरकूर. “भाऊ, तुम्ही बसले का माहा फोन बंद पडते. लोकं म्हनतात, तुमचा नंबर लागतच नाई.” लोकांना सांग म्हटलं, विज्ञानासाठी थोडं सोसावं.

२१ फेब्रुवारी

जयाचं काही नाही. म्हणजे असणार, पण चंद्रपुरात, गोणपाटात. मार्चमध्ये येईल डबा. तारीख कळली की निघू. लग्नं काय, मे महिन्याशिवाय होत नाहीत.

बाजारातून साडी घेतली. जांभळी. काठ जरा रुंद आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपार

आजचा डाव जिंकलोच होतो. पण अकराच्या सुमारास नागपूरहून येणारी सिरोंचा बस स्टँडवर लागली, ती हलेचना. दहा मिनिटं थांबणारी गाडी पंचवीस मिनिटं उभी. हॉर्नवर हॉर्न. माणसं ओरडताहेत. रस्त्याकडे पाठ करून बसलो, तरी लक्ष उडालं आणि उंट गेला. फिनलंडने विचारलं, u there? लिहिलं, yes.

नंतर स्टँडवरच्या इसरूकडे चौकशी केली. हा इथे नवा, गाड्यांच्या नोंदी ठेवतो. म्हणाला, “काय सांगू जी, एक बाई होती. पायरीवर उभी राहे, इकडं पाहे, तिकडं पाहे, आनखी पाच मिनिट थांबा म्हने. असे तीन डाव झाले. कंडक्टर बापडा मऊ मानूस. शेजारची सीट बी धरून ठेवली होती रुमाल टाकून, कोनाले बसू देत नोती.”

ही बातमी आहे. बाईचं नाव विचारलं नाही. वार्ताहराने व्यक्तीवर नव्हे, प्रवृत्तीवर लिहावं. मथळा: ‘महिला प्रवाशाच्या हट्टापायी सिरोंचा बस विनाकारण खोळंबली’. सहा ओळी. ‘सार्वजनिक वाहन हे कोणाच्या घरचे अंगण नव्हे’ हे वाक्य साधलं आहे. संध्याकाळच्या चंद्रपूर गाडीने नेहमीप्रमाणे ड्रायव्हर बापूरावांकडे पाकीट दिलं.

बायनाबाई असत्या तर आणखी तपशील मिळाला असता. पण त्या मार्कंड्याच्या जत्रेसाठी दुकान मांडायला गेल्यात.

२६ फेब्रुवारी

छापून आली. चौकटीत! उपयुक्त संकेतस्थळांना कधी चौकट मिळाली नव्हती. इसरूने कात्रण स्टँडच्या भिंतीला चिकटवलं. संपादकांचा निरोप: असंच लिहीत चला.

१ मार्च, शनिवार. महाशिवरात्र

मार्कंडा. जत्रेची बातमी. धुळीत एकटाच फिरलो. दर्शनाच्या रांगेत पुढच्या बाईच्या खांद्यावरून एक लहान मुलगी माझ्याकडे पाहून हसली. नोंद घेण्यासारखं दुसरं काही नाही.

३ मार्च

डबा आला!! पोचूने गोणपाट सोडलं. मी आंघोळ करून गेलो होतो. पेटी उघडली.

रिकामी. कंपनीचं ‘स्वागत’सुद्धा नाही. इंग्रजीत एक ओळ: तीस दिवसांत पेटी उघडली नाही, सबब आतली सर्व पत्रं काढून टाकली आहेत.

पोचूने बोट ठेवलं. ही अट पहिल्या दिवशी खाली बारीक अक्षरात होती म्हणे. मग तो हळूच म्हणाला, “एक नंबरवर खोलली असती तं…” आणि गोणपाटाची घडी घालू लागला. भला माणूस आहे.

सर्व पत्रं, असं म्हटलंय. अनेकवचन. म्हणजे होती. ‘स्वागत’ धरून दोन तरी.

जयाला लगेच लिहिणार होतो. फोनची लाइनच गेली. जत्रेच्या गडबडीत कुठेतरी तार तुटली म्हणतात.

७ मार्च, शुक्रवार

पोस्टमन पत्रू आला. खरं पत्र. शिक्का सिरोंचा. अक्षर जयाचं. उभ्यानेच वाचलं. मग बसून.

लग्न पंचवीसला झालं. सिरोंच्यात, गोपालच्या अंगणात. पुढचं तिच्याच शब्दांत उतरवतो, म्हणजे माझ्या शैलीने त्यात काही बदल होणार नाही:

‘बाबा, तुमच्या अकरा ओळी मी चार वेळा वाचल्या. त्यात हो सापडलं नाही, पण नाहीसुद्धा सापडलं नाही. म्हणून तीन ईमेल केल्या. पोचूकाकांच्या नंबरवर सकाळी ऑफिसातून पाच वेळा फोन लावला, कायम एंगेज. शेवटच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं, चोवीसला सिरोंचा बसने येतेय, गाडी अकराला चामोर्शीला थांबते, शेजारची जागा धरून ठेवते, नुसते येऊन बसा, काही बोलू नका. कंडक्टरला तीनदा थांबवलं. घरी येणार होते, पण म्हटलं, यायचं असेल तर स्टँडवर येतील, ओढून कशाला आणू. हट्ट तुमच्याकडूनच आलाय.

दोन दिवसांनी इथे पेपर आला. सहा ओळी वाचल्या आणि लगेच ओळखलं. अंगणाचं वाक्य तुमच्याशिवाय कोण लिहील? शुद्धलेखन नेहमीसारखं निर्दोष. म्हणजे तुम्ही तिथेच होतात, बघत होतात, आणि आला नाहीत. तेवढं उत्तर पुरे आहे. सासरे माझ्यासाठी तो पेपर जपून ठेवायला निघाले होते. त्यांना मराठी वाचता येत नाही, वाटलं लग्नाची बातमी आहे. आम्ही चार तारखेला नावेने नदीपलीकडे जाऊन रेल्वेने पुण्याला जाऊ. तब्येतीला जपा.’

चार तारीख गेली.

सायंकाळ

बायनाबाई जत्रेवरून परतल्या. वाटीत मासोळीचा रस्सा घेऊन आल्या. विचारलं, “काऊन जी, दिवा नाई लावला?” पत्र दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं, अंगणाच्या वाक्यासकट. त्यांनी वाटी झाकून ठेवली. मग म्हणाल्या, “तिथून तं पोचूचं दुकान दिसते जी.”

दिसतं. तीस पावलं.

८ मार्च, शनिवार

लाइन अजून बंद. पोचू म्हणतो, सोमवारपर्यंत. फिनलंड विचारत असेल.

सकाळी स्टँडच्या भिंतीवरचं कात्रण काढलं. इसरूने डिंक भरपूर लावला होता. निम्मं आलं, ‘विनाकारण खोळंबली’ तिथेच राहिलं.

मग लिहायला बसलो. एकोणीस वर्षांतला पहिला. दोन प्रती, एक संपादकांना, एक पुण्याला:

‘खुलासा. २६ फेब्रुवारीच्या अंकात सिरोंचा बस विनाकारण खोळंबल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. ते चुकीचे आहे. बस सकारण थांबली होती. ते कारण त्या वेळी स्टँडपासून तीस पावलांवर, रस्त्याकडे पाठ करून बुद्धिबळ खेळत होते. प्रवासी महिलेची शेजारची जागा तिच्या वडिलांसाठी होती. त्यांनी तिला पाहिले नाही. वार्ताहर दिलगीर आहे.’

संपादक छापणार नाहीत. वाचकांना यातलं काय उपयुक्त, विचारतील.

पुण्याची प्रत साडीच्या पुडक्यात ठेवली. संध्याकाळच्या गाडीवर बापूरावांकडे दोन्ही दिलं. पुडकं चंद्रपूरहून पोस्टात टाकतील. त्यांनी संपादकांचं पाकीट हातात तोलून पाहिलं. म्हणाले, “भाऊ, आजची बातमी लई छोटी दिसून राह्यली. एवढीच आहे का?”

हो, म्हणालो. लगेच.