रविवारी चाळीस मिनिटं बंद

प्रिय भिंगरी,

आज सकाळी सहा बेचाळीसला पूर्वेला ढगांचा एकच लांब पट्टा होता. विंचरलेल्या लोकरीसारखा, खालची कड गुलाबी, वरची राखाडी. दुकानाचं शटर अर्धंच वर केलं आणि पायरीवर बसून राहिलो. आतून तुझी आई म्हणाली, "चष्मा गिऱ्हाईकाला लावायचाय की आभाळाला?" मी फोटो काढला, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिली आणि सगळं 'ढगांच्या वही'त टाकलं. इंटरनेटवर कुणालाही उघडता येणारा, तू लिहून दिलेला तो प्रोग्राम दोन वर्षं एकही दिवस बंद पडलेला नाही, आणि तो चालवतो मी. भिंगं घासायला मला कुणी शिकवलं नाही, तसं हे चालवायलाही नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या शब्दांत ऐक. वही मशीनमधल्या एका बंद कप्प्यात, कंटेनरमध्ये राहते, आपलं सगळं सामानसुमान जवळ घेऊन. तिला रस्त्यावर उघडणारं दार नाही. पुढे प्रॉक्सी नावाचा दुसरा प्रोग्राम उभा, दारवानासारखा. येणारा त्याच्याशीच बोलतो, आणि तो आत जाऊन हवं ते पान आणून देतो. दुपारी भिंग घासताना, डोळा जरासा लागला की, मला तो दिसतोही: अनवाणी, आतबाहेर करणारा, हातात एकेक ढग, सांडू नये म्हणून जपून धरलेला.

वहीत कोण येऊन गेलं ते मी रोज पाहायचो. रोज एकच पत्ता, १७२.१८.०.१. तो आपल्याच मशीनचा आतला पत्ता. मी समजलो, लिहिणारा मी आणि बघणाराही मीच. एवढी मोठी आभाळं एकट्यासाठी कशाला भरून ठेवायची, असं वाटायला लागलं, आणि गेल्या महिन्यात ठरवलं की आता वही मिटायची. मिटण्याआधी प्रत्येक स्क्रू बघून घ्यावा ही माझी खोड. म्हणून प्रॉक्सीची स्वतःची नोंद पहिल्यांदा उघडली, तर तिथे बाहेरचे कितीतरी वेगवेगळे पत्ते. आत जाणारा दर वेळी प्रॉक्सीच, म्हणून वहीला सगळेच सारखे दिसत होते. पाहुण्याचा खरा पत्ता आत कळवायची ओळ मी लिहिलीच नव्हती.

ती तू सांगितली होतीस. "बाबा, एक ओळ राहिली तुझी," एवढंच म्हणालीस. आणि मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, इथे लिहीत नाही. तू लॅपटॉप मिटलास, चारच दिवसांनी नोकरीच्या गावी गेलीस, आणि तेव्हापासून तुझा फोन येतो तो आईला. मला मिळतं ते "बाबाला सांग."

दारावरच्या नोंदीत तुझ्या शहराचा एक पत्ता आहे. सकाळी सात चाळीसच्या आसपास येतो. आधी आजचं आकाश उघडतो, मग ते पान, जे कुठलाही एक जुना ढग दाखवतं. त्या पानाकडे जाणारी वाट तू वहीत कुठेच ठेवली नव्हतीस. ते ठाऊक आहे फक्त आपल्या दोघांना. मी कुठलीही नोंद फेकत नाही, म्हणून मोजता आलं: सातशे अकरा दिवसांत फक्त चार सकाळी कुणी आलं नाही. चारही सलग, मागच्या थंडीतल्या. ताप होता का गं तेव्हा?

ती ओळ आता लिहिली आहे. तू म्हणालीस तिथेच, तशीच. तुझं बरोबर होतं आणि माझं बोलणं चुकलं. हे आईकरवी कळवण्यासारखं नव्हतं.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. येत्या रविवारी वही नव्या मशीनवर हलवतोय. सात तीस ते आठ दहा कंटेनर बंद असेल. प्रॉक्सी दारात असेल, पण आत कुणी नसल्यामुळे तुला पडद्यावर नुसता ५०२ हा चुकीचा आकडा, म्हणजे 'आतून उत्तर नाही', एवढंच दिसेल. बाकी कुणाला हे कळवायची गरज नाही. तुला मात्र वाटायला नको, की बाबाने वही मिटली. त्या चाळीस मिनिटांत इथलं आभाळ बघावंसं वाटलं, तर घरी फोन कर. आईला सांगून ठेवलंय, रविवारी फोन मी उचलणार.

तुझाच,
पायरीवर बसलेला
बाबा